एकटीने ऐकलेली मैफल

आज एका ज्येष्ठ लोकगायकाच्या कार्यक्रमाला मी एकटीच गेले होते. सोबत येणाऱ्या मैत्रिणीला आयत्या वेळी ताप आला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीमुळे सुरुवातीला थोडे अवघडल्यासारखे झाले. पहिल्या गाण्यानंतर मात्र तिकडे लक्षच राहिले नाही.

गायक ऐंशीच्या घरातले. जुन्या ध्वनिमुद्रणांपेक्षा त्यांची पट्टी बरीच खाली आली होती, आणि पूर्वी जिथे सूर लांबवर जायचा तिथे ते शब्द जवळजवळ बोलून सोडून देत होते. मला त्यात काही उणे वाटले नाही. अमेरिकी लोकगायक पीट सीगर यांनी तर आपल्या आवाजाला सोयीचे पडावे म्हणून बँजो या तंतुवाद्याची मानच ३ पडद्यांनी लांब करून घेतली होती, आणि जानेवारी २००९ मध्ये, वयाच्या ८९व्या वर्षीही, ते लिंकन स्मारकासमोर जमलेल्या लोकांकडून गाणे गाऊन घेत होते.

आजच्या मैफलीत एका गाण्याआधी तार जुळवायला गायकांना बराच वेळ लागला. बोटांचे सांधे सुजलेले होते, खुंटी पिळताना अंगठा थरथरत होता, आणि तेवढा वेळ सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. मग ध्रुवपद आले तेव्हा त्यांनी स्वतः थांबून नुसता हात पुढे केला.

मी चारचौघांत कधीच गात नाही. मैत्रीण शेजारी असती तर बहुधा नुसते ओठच हलवले असते. आज मोकळ्या गळ्याने गायले, आणि रिकाम्या खुर्चीपलीकडच्या अनोळखी आजींनी माझ्याकडे न पाहताच खालचा सूर धरला.