फावडे नसलेला हात

शिमग्याच्या मागेपुढे आमच्या वसमत भागात हळदीची काढणी सुरू होते. कुदळीने उकरलेल्या गड्ड्याची माती झटकत वडील ओळीने पुढे सरकतात आणि शिक्षणासाठी नांदेडला जाऊन कुदळीची सवय मोडलेला मी बांधावर उभा असतो. अशा वेळी शेमस हीनी हे आयरिश कवी मला फार जवळचे वाटतात.

१९३९ साली उत्तर आयर्लंडच्या डेरी परगण्यात, शेती आणि गुरांचा व्यापार करणाऱ्या घरात, नऊ भावंडांतील थोरले म्हणून ते जन्मले आणि बाराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर वसतिगृहात गेले. १९६६च्या पहिल्या संग्रहातील पहिल्याच कवितेत ते खिडकीशी लेखणी घेऊन बसले आहेत आणि खाली वडील खणत आहेत. तिथून आठवण आजोबांकडे जाते: दलदलीतील जळणाची माती कापणारे आजोबा, नातवाने कागदाचा बोळा लावून आणलेल्या बाटलीतले दूध पिण्यापुरते ताठ होतात आणि लगेच पुन्हा वाकतात. त्यांच्यामागे जायला आपल्याकडे फावडे नाही, हे हीनी सरळ मान्य करतात. त्यांना ‘मातीचा कवी’ म्हणणाऱ्यांनी ही कबुली पुरेशी मनावर घेतलेली नाही, असे मला वाटते.

उत्तर आयर्लंडमधील रक्तपाताच्या काळातही त्यांनी स्वतःला सूट दिली नाही. १९७५च्या ‘नॉर्थ’ या संग्रहात दलदलीत सापडलेल्या प्राचीन प्रेतांशी त्यांनी समकालीन हत्यांचे नाते जोडले, तेव्हा हिंसेला पुराणकथेचे वलय दिल्याचा आरोप त्यांच्याच प्रांतातून झाला. त्या आरोपात तथ्य आहे; मात्र अशाच एका प्रेताला, शिक्षा भोगलेल्या मुलीला उद्देशून, त्या वेळी मीही मौनाचेच दगड मारले असते, असे त्यांनी त्याच संग्रहात लिहून ठेवले आहे.

१९९५मध्ये नोबेल मिळाले आणि कीर्ती जगभर गेली. ऑगस्ट २०१३मध्ये ते गेले, तेव्हा डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर फुटबॉलच्या सामन्यासाठी जमलेल्या हजारो लोकांनी उभे राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. दफन मात्र बेलाही या गावाकडच्याच दफनभूमीत झाले. रस्त्यावरच्या अपघातात चौथ्या वर्षी गेलेला त्यांचा धाकटा भाऊ तिथेच आहे. त्याच्या चार फुटी पेटीवरची, वर्षाला एक फूट मोजणारी ओळ हीनींनी कितीतरी वर्षांपूर्वीच लिहिली होती.