बिननोंदणी ट्रेडमार्क: हक्क असतो, पुरावा नसतो

शॉप ॲक्ट आहे, जीएसटी आहे, कंपनीही नोंदवली, म्हणजे नाव आपलं झालं, हा समज आधी सोडा. यातल्या कशानेही ब्रँडचं नाव राखीव होत नाही.

पण नोंदणी नाही म्हणजे हक्कच नाही, असंही नाही. ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 27 नुसार बिननोंदणी चिन्हासाठी उल्लंघनाचा दावा लावता येत नाही, ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे दुसऱ्याने आपला माल तुमचा म्हणून खपवल्याचा, येतो. प्रमाणपत्र असलं की नोंदणी वैध असल्याचा तो सकृद्दर्शनी पुरावा. पासिंग ऑफमध्ये मात्र बाजारात नावाला पत आहे, समोरच्याच्या मालाने गिऱ्हाईक फसतं आणि त्यातून नुकसान होतं, हे तिन्ही तुम्हीच शाबीत करायचं. शिवाय कोर्ट कुठलं? सांगलीच्या मसालेवाल्याचं नाव इंदूरमध्ये कुणी चोरलं, तर नोंदणी असल्यास सांगलीत दावा लावता येतो. नसेल तर बहुधा इंदूरच्या फेऱ्या.

ही पत शाबीत करताना घोडं अडतं ते बिलांवर. दहा वर्षांची बिलं असतात, पण त्यांवर फक्त ‘मिरची पावडर, 50 किलो’ आणि फर्मचं नाव. ब्रँड कुठेच नाही! आजच बिलाच्या नमुन्यात ब्रँडचं नाव घाला. पाकिटं छापणाऱ्या प्रेसची तारखेची बिलंही जपा.

नोंदणीचा अर्ज टीएम-ए फॉर्मवर. ऑनलाइन शुल्क व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योगांना दर वर्गामागे (म्हणजे मालाच्या प्रकारामागे) 4,500 रुपये, इतरांना 9,000. मसाला वर्ग 30 मध्ये, लोणचं 29 मध्ये; दोन्ही विकत असाल तर शुल्क दुप्पट. वापर आधीपासून असेल तर तारीख आणि प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ती कटकट टाळायला काही एजंट सरळ ‘वापर प्रस्तावित’ लिहून मोकळे होतात. मग आठ वर्षांचा धंदा असूनही सरकारी कागदावर तुम्हीच तो नाकारलेला असतो.

हे महाग पडतं, कारण आपल्याकडे आधीच्या वापराला वजन आहे. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडाई हलव्या’च्या खटल्यात 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ मानला.

ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये अर्जाची जाहिरात आल्यावर इतरांच्या हरकतीला चार महिने असतात. नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं चालते. नोंदणी होईपर्यंत पाकिटावर ‘टीएम’च छापा, गोलातला ‘आर’ नोंदणीआधी छापणं बेकायदेशीर आहे.