गटाच्या बैठकीत वसुलीवाला

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावांतून निम्म्या बाया ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्याने आगाऊ दिलेली मजुरी, घरात येऊन केव्हाच संपलेली असते. त्यामुळे सप्टेंबरातल्या बचत गटाच्या बैठकीत पुढची बचत आधी भरायची की परतल्यावर, यावर हमखास भांडण होतं. ते ऐन रंगात असताना समाजमंदिरापुढे मोटारसायकल थांबली.

एका मायक्रोफायनान्स कंपनीचा वसुलीवाला. आमच्यातल्या एकीने शेळ्यांसाठी तिथून कर्ज उचललं होतं, दोन हप्ते थकलेले. "पैसे घेतल्याबिगर हलणार नाही," म्हणत तो पायरीवर बसला. ती पदर तोंडाला लावून गप्प. पण तिला जामीन राहिलेल्या दोघी तिथेच होत्या, त्यांची तोंडं तिच्यापेक्षा उतरलेली.

मी त्याला घड्याळ दाखवलं. साडेसात वाजले होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांप्रमाणे अशा वसुलीसाठी संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला फोनसुद्धा करायचा नाही. "मॅडम, मला टार्गेट असतं," एवढंच बोलून तो गेला. शेजारच्याच गावचा पोरगा. त्याच्यावर फार चिडताही येईना.

खरी बैठक नंतर झाली. सचिवताईंनी कर्जाची वही उघडली. हप्ते थकलेली ती म्हणाली, "चार हजार लिवा. शेळ्यांसाठी."

गटातली सगळ्यात म्हातारी, अंगठा उठवणारी, हसली. "कुठंयत शेळ्या? एक मेली, दुसरी तुझ्या नवऱ्यानं बाजारात नेली. हप्ता लिव की."

बँकेचा साहेब दहा कागद मागवतो, तरी त्याला हे कळलं नसतं.

मग हिशेब निघाला. थकबाकी ३,४०० रुपये. वरचे ६०० कशाला? उसाच्या फडावर तोडीला जाताना किराणा भरायला, असं ती बऱ्याच वेळाने बोलली. किराण्याला कुणाची ना नव्हती. मात्र कंपनीचे पैसे तिच्या हातात द्यायचे नाहीत, सचिवताईंनी तिच्याबरोबर शाखेत जाऊन भरायचे आणि पावती वहीला लावायची, असा हट्ट त्या दोन जामीनदारांनी धरला. व्याज नेहमीचंच, महिना शेकडा दोन रुपये. वर्षाचे २४ टक्के झाले की, असं शहरातली माणसं मला ऐकवतात. पण हे व्याज गटाच्याच पेटीत पडतं, तिच्याही वाट्याला येतं. कंपनीच्या हप्त्यातलं काय परत येतं?

वहीत कारणाच्या रकान्यात 'जुना हप्ता व किराणा' असं लिहिलं गेलं. गटाच्या बँक कर्जाच्या प्रकरणासाठी तीच वही दाखवायची होती, आणि तिथे 'शेळीपालन' जास्त शोभून दिसलं असतं. मी काही सुचवलं नाही.

परतफेड फडावरून आली, मुलाच्या मोबाइलवरून, पण उशिरा. दहा रुपये दंड माफ करावा असं बहुतेकींचं मत आहे. म्हातारी अजून तयार नाही.