बंदिशकारांचा पाठलाग: सध्या मुक्काम गुणीदास

मंडळी, अपडेट देतोय. नवीन लोकांसाठी थोडक्यात, माझा उद्योग असा की ख्याल ऐकताना गायक कोण, राग कुठला हे बाजूला ठेवून चीज, म्हणजे बंदिश, कुणी बांधलीये ते शोधायचं आणि मग त्याच माणसाच्या मिळतील तेवढ्या चिजा पाठोपाठ ऐकायच्या. यूट्यूबवर गायकाचं नाव असतं, राग असतो, तबल्याला कोण तेही असतं, बंदिश कुणाची हे मात्र कुणी लिहीत नाही. मग उरते मुद्रा, म्हणजे अंतऱ्यात पेरलेलं टोपणनाव. आणि जुन्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांमध्ये अंतरा असा पळवतात की तेही कानातून निसटतं.

तर गुणीदास. जगन्नाथबुवा पुरोहित, १९०४ ते १९६८. आपल्याला बुवा माहीत असतात ते अभिषेकी, माणिक वर्मा, राम मराठे, सी. आर. व्यास यांचे गुरू म्हणून, फार तर जोगकंस रागाचे जनक म्हणून. पण त्यांच्या चिजा सलग ऐकल्या ना, की हा माणूस काय ताकदीचा रचनाकार होता ते कळतं. जोगकंसचंच घ्या, खाली जोग रागाचा शुद्ध गंधार, वर चंद्रकंसासारखा कोमल धैवत आणि शुद्ध निषाद, आणि दोन गंधारांमधलं ते जाणं-येणं, हे कागदावर जोडकाम वाटतं, पण 'पीर पराई' ऐकताना सांधा कुठे आहे ते सापडतच नाही. ही चीज बहुतेकांपर्यंत किशोरीताई आमोणकरांमुळे पोचली. बुवांनी तबला थोर तबलावादक अहमदजान थिरकवाँसाहेबांकडे शिकला होता, आणि मला तरी वाटतं द्रुत, म्हणजे जलद लयीच्या चिजांमध्ये ते ऐकू येतं, शब्द लयीवर ठेवल्यासारखे नाहीत, लयीतूनच निघाल्यासारखे येतात. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आल्यावर 'अरे हो, इथेच यायला हवी होती' असं होतं.

त्यांचे गुरू आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ, मुद्रा 'प्राणपिया'. तिकडे गेलो आणि गुंता वाढला, कारण आग्रेवाल्यांकडे पियांचा सुकाळ आहे. फैयाज खाँ प्रेमपिया, त्यांचे सासरे मेहबूब खाँ दरसपिया, खादिम हुसेन सजनपिया, आणि आपले बबनराव हळदणकर रसपिया! त्यात विरहाच्या चिजेत प्राणपिया आलं तर ती सही की नुसतीच प्रियकराला मारलेली हाक, हे पुस्तक उघडल्याशिवाय सांगता येत नाही. प्राणपियांची खासियत मला वाटते ती शब्दांची ठेवण, अक्षरं अशी नेमकी बसवलेली की बोलबाट, म्हणजे चिजेचे शब्द लयीत खेळवणं, करायला आयतं रान मिळतं.

भातखंड्यांची, म्हणजे 'चतुर' यांची लक्षणगीतंही ऐकली. खरं सांगू? वादी म्हणजे मुख्य स्वर कुठला, वर्ज्य म्हणजे टाळायचा स्वर कुठला, हे सगळं गाण्यातच सांगितलेलं, पाठांतराला उत्तम, पण पुन्हा लावावंसं वाटलं नाही. त्यांचेच शिष्य रातंजनकर, मुद्रा 'सुजान', तिथे प्रकरण वेगळंय, विद्वत्ता आहे पण चीज कोरडी होत नाही. सालगवराळी ऐका, कर्नाटकातला राग पण परका वाटत नाही. त्यांच्यावर सावकाश लिहीन.

आता पुढे 'रामरंग', अलाहाबादचे रामाश्रय झा. 'अभिनव गीतांजली'चे पाचही भाग मिळालेत, प्रत्येक रागाची चर्चा आणि नोटेशनसकट चिजा, वाचायलाच महिने जाणार. राजन पर्रीकरांच्या ऑनलाइन संग्रहात झाजींनी फोनवरून गाऊन दाखवलेल्या चिजा आहेत, आवाज टेलिफोनचा, खरखर आहे, पण रागाचं चलन इतकं स्वच्छ की मी हेडफोन काढलेच नाहीत.

कुणाकडे गुणीदासांच्या चिजा अंतऱ्यासकट पूर्ण गायलेली रेकॉर्डिंग्ज असतील, विशेषतः व्यासबुवांची खासगी बैठकीतली, तर सांगा. मैफलीत विलंबितचा, म्हणजे संथ ख्यालाचा अंतरा हल्ली फार लोक गाळतात आणि मुद्रा नेमकी तिथेच असते.