पुराच्या दिवशीचा भागाकार

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली होती. चिखली-आंबेवाडीकडची मुलं आलीच नव्हती. माझ्या नववीच्या वर्गात अकराजण. एवढ्यांना घेऊन नवा धडा सुरू करायचा नव्हता, म्हणून फळ्यावर एक संख्या लिहिली: ४,२९,४९,६७,२९७.

२ चा ३२ वा घात अधिक १. २ चा १, २, ४, ८, १६ वा घात घेऊन १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७; या घराण्यातली ही पुढची. पहिल्या पाचही मूळ संख्या. म्हणून पुढच्याही तशाच असणार, असं फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं १६४० साली मानलं होतं. "ही मूळ आहे का, तुम्ही सांगा. हातानं भागायचं."

२ आणि ५ एकक स्थानावरूनच बाद झाले. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ गेला. ११ ची कसोटी पोरांनीच लावली. त्या दिवशी ७०० पर्यंतच बघायचं ठरवलं; तिथवरच्या उरल्या १२१ मूळ संख्या. अकराजण, प्रत्येकाला अकरा! असं जुळेल हे मलाही आधी माहीत नव्हतं.

शेवटच्या बाकावरच्या मुलीला ६३१ पासून पुढच्या मिळाल्या. पहिल्या भागाकारात बाकी १७३. दुसरी संख्या ६४१. तिथं ती थांबली, पान उलटलं आणि तोच भागाकार पुन्हा मांडला. मी जवळ गेलो.

"सर, बाकीच उरंना झालीया. परत करून बघतो."

परतही उरली नाही. भागाकार ६७,००,४१७. १७३२ साली गणितज्ञ ऑयलरला सापडला तोच हा ६४१. मला अजूनही तिचं ते दुसऱ्यांदा भागणं आठवतं. उत्तर मिळाल्यावर त्याच्यावर शंका घेणारं मूल क्वचित भेटतं.

"मग आमचं वाया गेलं का?" पुढून प्रश्न आला.

अजिबात नाही. ६४१ हाच सगळ्यांत लहान मूळ विभाजक, हे नुसतं भागून ठरवायचं तर बाकीच्यांचे भागाकार हवेतच. मधली सुट्टी झाली तरी कुणी उठलं नाही.

तेवढ्यात एकजण ओरडला, "सर, १२७ नं भाग जातोय!"

"नाही जाणार. तपास."

तपासलं, बाकी १७. न भागता मला कसं कळलं, हे सगळ्यांनाच हवं होतं. या संख्येच्या कुठल्याही मूळ विभाजकाला १२८ नं भागलं की बाकी १ उरते. ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानं १८७८ मध्ये हे दाखवलं. म्हणजे बघायच्या फक्त १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. त्यातल्या मूळ दोनच, २५७ आणि ६४१. २५७ नं भागून बाकी २ उरते, हे मधल्या रांगेतल्या पोरानं आधीच काढलं होतं.

"दोनच भागाकार पुरले असते?" वर्ग गप्प झाला.

१२८ च का, हे नववीच्या गणितात सांगता येईना. पण ६४१ पुरतं येत होतं. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या:

६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ६२५ + १६

एवढ्यावरून लांबलचक भागाकार न करताच सिद्ध होतं, असं म्हणतोय तोवर शिपाईमामा दारात. एस्टी लवकर सुटणार होती. दप्तरं उचलली गेली. ती मात्र बाकावरून हलली नाही.

"फळा पुसू नका सर, उतरवून घेतो."