पहिल्या सिनेमातली एक ओळ आणि तिचे हक्क

माझ्या पहिल्या सिनेमात तीन बायका आहेत. त्यातली एक पंचवीस वर्षांचा संसार सोडून भाड्याच्या खोलीत राहायला येते. पहिल्या रात्री एकटीपुरतं ताट-वाटी विसळताना ती जुन्या सिनेगीताची एक ओळ गुणगुणते. सासरी तिला कधी गाताना कोणी ऐकलेलं नसतं. या ओळीने मला जेवढं छळलं, तेवढं अख्ख्या शूटिंगने नाही. सेन्सॉरसुद्धा बिनबोभाट पार पडलं, यूए १३+ मिळालं.

गाण्याचे हक्क एका म्युझिक कंपनीकडे. मेल केला की 'आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे', फोन केला की 'मेल करा'. अखेर एक साहेब भेटले. किती देशांत दाखवणार? किती वर्षांसाठी? थिएटर की ओटीटी? आता माझ्यासारख्या पहिलटकरणीला हे कुठून ठाऊक असणार! मग म्हणे, वितरकाचं पत्र आणा, त्यानंतर दर सांगू. वितरक म्हणाला, आधी गाण्याचे हक्क दाखवा, मग पत्राचं बघू. वर साहेबांचा फुकटचा सल्ला: "मॅडम, बाई भांडीच घासतेय ना? मग गाणं कशाला? काढून टाका." म्हटलं, सिनेमातल्या सासूचे संवाद यांच्याकडूनच लिहून घ्यायला हवे होते. मनातच म्हटलं, सही त्यांची हवी होती.

शेवटी मी फक्त फेस्टिव्हलपुरते हक्क मागितले. त्याला वितरक लागत नाही. थिएटर आणि ओटीटीचा दरही त्याच करारात लिहून घेतला. तुम्हीही घ्या, सिनेमा गाजल्यावर आकडा फुगतो.

हो, आणि 'गाणं जुनं आहे, फुकट वापर' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतात, पण शब्द आणि चालीचे हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. पात्र स्वतः गुणगुणत असेल तर शब्द-चालीची परवानगी पुरते. रेडिओवर तेच गाणं वाजवलंत आणि रेकॉर्ड अजून हक्कांत असेल, तर तिचीही लागते. हे सगळं पटकथेच्या टप्प्यावरच विचारायला घ्या, उत्तरं यायला वेळ लागतो.

करार झाल्यावर साहेबांनी सिनेमाची लिंक मागितली, घरच्यांना दाखवायला. म्हटलं, तिकीट काढून बघा.