आमची वाटचाल : बशी बुडवून बघणारे

सोलापूर जिल्ह्यात आमच्या गावाकडे टंचाई सगळ्याची, उन्हाची तेवढी नाही. तेल्या रोगाने डाळिंबाची बाग गेली, तेव्हा त्या जागेवर मी आणि धाकट्या भावाने स्पिरुलिनाचे दोन हौद बांधले. प्रकाशावर वाढणारं शेवाळ, आणि प्रकाश फुकट! (शास्त्राप्रमाणे हे नीलहरित जिवाणू, पण गिऱ्हाईक शेवाळच म्हणतं.)

पाण्यात खाण्याचा सोडा, मीठ, थोडं खत आणि विकत आणलेलं बी. शेडनेट होतं, ते आम्ही पहिल्याच आठवड्यात काढलं. "ज्वारी कुणी सावलीत पेरतं का?" भाऊ म्हणाला. मलाही पटलं. महिना जानेवारीचा. सकाळी पाणी गारठलेलं, वर लख्ख ऊन, बी अजून विरळ. तिसऱ्या दिवशी हौद पिवळट पडला, वर फेस आला. सगळं ओतून द्यावं लागलं.

चूक कुठे झाली ते नंतर उमगलं. भर दुपारचं ऊन लाखभर लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) घरात जातं. स्पिरुलिनाचं पोट त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यातच भरतं. तिथवर प्रकाश वाढेल तसं प्रकाशसंश्लेषण वाढतं, पुढे वाढत नाही. त्याहून जास्त ऊन मिळालं तर पेशीतलं डी-१ नावाचं प्रथिन भराभर मोडतं. पेशी ते पुन्हा बनवत असते, पण गार पाण्यात हे काम रेंगाळतं. म्हणून आम्हाला मे महिन्यातल्या दुपारपेक्षा जानेवारीतली सकाळ महागात पडली.

दाट हौदाचं दुखणं उलटं. स्पिरुलिना बारीक धाग्यांसारखी असते; वरचे धागे खालच्यांवर सावली धरतात आणि तळाचे अंधारात साठवलेलं खाऊन बसतात. म्हणून दिवसभर ढवळायचं, सगळ्यांना आळीपाळीने वर आणायचं.

आता काठीला पांढरी बशी बांधून हौदात बुडवतो. दोन-तीन सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली, की काढणी. पाच-सहावरही दिसत असेल, तर हौदाला हात लावत नाही आणि नेट ओढून घेतो. काढलेला गोळा फडक्यात दाबून आईच्या सोऱ्यातून शेवया पाडतो. त्याही सावलीतच वाळवतो, उन्हात निळा रंग उडतो.

हौद आता सहा झालेत. मध्ये हौसेने लक्समीटर आणला होता. भावाच्या हातून तो चौथ्या हौदात पडला, तेव्हापासून बशीच.